उरलेला पिक्चर गुरुवारी

मंगळवारी सकाळी डायलिसिसला निघाल्यावर एकनाथरावांनी गाडीतच मुलाला सांगून टाकलं, "किशोर, आजचं हे शेवटचं. गुरुवारपासून मी येत नसतो."

किशोरने गाडी चालवता चालवता त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, असं नका बोलू."

"का नको? सुया टोचून घ्यायच्या, चार तास छत बघायचं, घरी येऊन आडवं व्हायचं. मधल्या दिवशी पुन्हा त्याचीच धास्ती. हौ, याला काय जगणं म्हणतेत?"

हिमायतनगरच्या डायलिसिस सेंटरवर किशोरने त्यांना आत पोचवलं आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसला.

एकनाथरावांचे आजोबा उदगीरकडची शेती सोडून हैदराबादला आले होते. सुलतान बाजारात त्यांनी कापडाचं दुकान टाकलं आणि पुढे एकनाथरावांनी ते नावारूपाला आणलं. दिवसभर उभं राहायचं, ठाण उलगडायचं, गिऱ्हाइकाशी मराठीत, तेलुगूत, दखनीत, जशी जीभ वळेल तशी हुज्जत घालायची. असा हा माणूस. त्याच्या किडन्यांनी दगा दिला आणि त्याला खुर्चीत बांधून घातलं, ते त्याला सोसत नव्हतं. वर्षभरात तो घरात बोलेनासा झाला होता. बायको, इंदुताई, जेवायला वाढून समोर बसायच्या आणि ताट उचलून न्यायच्या. मध्ये शब्द नाही.

त्या दिवशी सिस्टरने दोन्ही सुया लावल्या, मशीन सुरू झालं आणि एकनाथरावांनी डोळे मिटले. शेजारच्या खुर्चीत एक मुलगी फोनवर बोलत होती. अश्विनी तिचं नाव. पुण्याची, इथे हायटेक सिटीत कुठल्याशा कंपनीत. तिशीही गाठली नसेल. तिच्याही हाताला नळ्या होत्या आणि मांडीवर टॅब होता.

"नाही रे, तो नको," ती फोनवर सांगत होती. "त्यात नुसतं रक्त आहे. रक्त मी इथे मीटरभर नळीत बघते, मला त्याचं काय कौतुक? ज्यांना खरंच टरकायचंय त्यांना तो शाळेचा सांग. आणि माधवी एकटी राहते ना? मग तिला लिफ्टचा मुळीच नको सांगू. ती जिन्याने चढेल महिनाभर."

फोन ठेवल्यावर तिला एकनाथराव आपल्याकडे बघताना दिसले. "सॉरी काका. झोपमोड झाली का?"

"झोप कुठली! काय करायलीस एवढं?"

"ऑफिसमध्ये हॅलोवीन असतो पुढच्या महिन्यात. सगळे मला विचारतात, कुठले भुताचे पिक्चर बघू म्हणून. मी त्यातली तज्ज्ञ आहे."

"हॅलोवीन म्हणजे?"

"म्हणजे... मेलेले लोक एका रात्री परत येतात, असं मानतात तिकडे."

"म्हणजे त्यांची सर्वपित्री."

अश्विनी मोठ्याने हसली. "अगदी! फक्त खिरीऐवजी चॉकलेट."

एकनाथरावांना हसू आलं नाही, पण ते थोडे सावरून बसले. "त्या शाळेत काय होतं म्हणालीस?"

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग टॅब दोन खुर्च्यांमधल्या टेबलावर उभा केला आणि इअरफोनचं एक टोक त्यांच्याकडे दिलं. "दाखवतेच. पण दचकून हात हलवायचा नाही, काय? सुई निसटली तर सिस्टर मला ओरडतील."

पिक्चर एका बेटावरच्या शाळेचा होता. नवी बाई येते, हजेरी घेते. एक नाव पुकारलं की मागच्या बाकावरून स्पष्ट "हजर" ऐकू येतं. आणि त्या बाकावर कुणी बसलेलंच नसतं. बस, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी बाई ते नाव गाळते, तर वर्गातली सगळी मुलं मान वळवून तिच्याकडे बघत राहतात, तेव्हा एकनाथरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी मोकळ्या हाताने खुर्चीची कड धरली. अखेर बाई आवाजाचा माग काढत शाळेच्या कोठीत शिरली, तिच्यामागे दार लागलं, अंधारात कुणीतरी श्वास घेतला, आणि अश्विनीने पिक्चर थांबवला.

"अगं! पुढे?"

"उरलेला गुरुवारी."

"अजून तास आहे की सुटायला!"

"मला कामाचा कॉल आहे काका. गुरुवारी बघू."

एकनाथराव चिडले. घरी आले तरी चिडलेलेच होते.

गुरुवारी सकाळी इंदुताई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघतात तर हे आंघोळ करून, सदरा चढवून सोफ्यावर तयार. त्यांना नवरा काय म्हणाला होता ते किशोरकडून कळलं होतं, दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. त्यांनी भीत भीत विचारलं, "अहो, कुठं निघालात?"

"कुठं म्हणजे? सेंटरला. त्या पोरीनं एका बाईला कोठीत कोंडून ठेवलंय!"

इंदुताईंनी हातातला चमचा खाली ठेवला. "कोणत्या पोरीनं?"

मग एकनाथरावांना सगळी गोष्ट सांगावी लागली. बेट, शाळा, हजेरी, मागचा बाक. वर्षभरात त्यांनी एवढं सलग बोललेलं इंदुताईंनी ऐकलं नव्हतं. त्या पदराचं टोक हातात धरून ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मग ते 'हजर' म्हणणारं पोर कोण होतं, ते बघून या हं."

त्यानंतर ते अंगवळणीच पडलं. मंगळवारी अर्धा, गुरुवारी उरलेला आणि वर नव्या पिक्चरची सुरुवात, शनिवारी त्याचं पुढचं. अश्विनी दर वेळी बरोबर अशा जागी थांबवायची, की माणसाने दोन दिवस तळमळावं. एकदा एकनाथराव इतके दचकले की मशीन टीं टीं करून बोंबललं. सिस्टर धावत आली, दोघांनाही झापलं, आणि जाता जाता स्वतःच विचारून गेली, "पण तो पिक्चरमधला डॉक्टर जिवंत आहे का नाही?"

"पोरी, एक सांग," एकदा एकनाथरावांनी विचारलं. "तुझ्या वयाला हे दुखणं. त्यात आणखी हे भ्या कशाला विकत घेतीस?"

अश्विनीने टॅब बाजूला ठेवला. "रिपोर्टची भीती असते ना काका, ती छातीत नुसती बसून राहते. कुणाला सांगता येत नाही. आईसमोर तर नाहीच. पिक्चरची भीती ओरडून टाकता येते. आणि ओरडताना ती आतलीही थोडी निघून जाते, असं मला वाटतं. खरं-खोटं माहीत नाही."

एकनाथरावांना ते पटलं. त्यांनी किशोरकडून घरच्या टीव्हीवर पिक्चर लावायला शिकून घेतलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते इंदुताईंना शेजारी बसवायचे. इंदुताई अर्धा पिक्चर पदराआडून बघायच्या आणि भुताला सल्ले द्यायच्या. एका रविवारी बाबांची आरोळी ऐकून किशोर आतल्या खोलीतून अनवाणी धावत आला. बघतो तर दोघं एकमेकांचा हात घट्ट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. तो दारातच थांबला, मग हळूच परत आत गेला.

ऑक्टोबर अर्धा सरला तेव्हा एका शनिवारी अश्विनीने टॅब काढलाच नाही.

"काका, ऑपरेशनची तारीख मिळाली. येत्या बुधवारी. आई किडनी देतेय." ती छताकडे बघत म्हणाली. "मला काही झालं तर ठीक आहे. आईला काही झालं तर? आज नाही काही बघवणार मला."

एकनाथरावांना दुकानात रडवेल्या गिऱ्हाइकाला काय म्हणायचं ते ठाऊक होतं. इथे त्यांनी फक्त पाण्याची आपल्या वाट्याची छोटी बाटली तिच्यापुढे सरकवली. तिने नको म्हणून मान हलवली. दोघांनाही डॉक्टरांनी पाणी मोजूनच प्यायला सांगितलं होतं.

घरी आल्यावर मात्र ते पेटले. "किशोर, मला एक भुताचा पिच्चर पाहिजे. पण हसवणारा. नुसता येडपट नक्को, भूत खरंच पाहिजे. आणि कुणी मरायचं नाही."

"बाबा, भुताच्या पिक्चरमध्ये कुणी मरायचं नाही?"

"जे मेलंय ते आधीच मेलेलं असावं!"

रविवार-सोमवार बापलेक शोधत बसले. इंदुताई पण बसल्या. बरेच सुरू केले, बरेच सोडले. शेवटी एक सापडला. एक म्हातारं भूत, जिवंतपणी आचारी असलेलं. नव्या भाडेकरणीला स्वयंपाक येत नाही म्हणून ते इतकं हवालदिल होतं की तिला घाबरवायचं विसरून भाजीत मीठ घालत बसतं. इंदुताई तो बघून एवढ्या हसल्या, की एकनाथराव म्हणाले, हाच.

मंगळवारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, अश्विनीचं शेवटचं डायलिसिस मोठ्या हॉस्पिटलात होतं. किशोरने तिला पिक्चरची लिंक पाठवली. सोबत एकनाथरावांनी आपल्या आवाजात निरोप दिला: "पोरी, हा बघ. आईला पण दाखव. आणि पूर्ण बघ, मध्ये थांबवू नको."

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. त्यात शब्द नव्हते, फक्त दोन बायकांच्या खळखळून हसण्याचा आवाज होता. एकनाथरावांनी तो तीनदा लावला.

ऑपरेशन नीट झालं. नवी किडनी पहिल्याच दिवसापासून कामाला लागली, असं किशोरने येऊन सांगितलं तेव्हा इंदुताईंनी देवापुढे साखर ठेवली आणि एकनाथरावांनी ते हसणं पुन्हा एकदा लावलं.

हॅलोवीनच्या दिवशी एकनाथराव आणि इंदुताई हिमायतनगरला अश्विनीच्या घरी गेले. अश्विनी अजून हॉस्पिटलात होती, संसर्ग नको म्हणून तिला कुणी भेटायचं नव्हतं. पण तिची आई उषा घरी आली होती. पोटाशी उशी धरून, जपून चालत होती. इंदुताईंनी मऊ वरणभाताचा डबा नेला होता.

"तुम्ही पाठवलेला तो आचारी," उषा म्हणाली. "आदल्या दिवशी मी पोरीचं तोंड बघायलाही घाबरत होते. रडायला लागले तर ती खचेल म्हणून. आणि आम्ही दोघी हसलो हो! नेताना स्ट्रेचरवर मला म्हणाली, आई, मीठ बघून घाल. तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार?" एकनाथरावांनीच हात जोडले.

तेवढ्यात अश्विनीचा व्हिडिओ कॉल आला. मास्क लावलेला, पण डोळे टवटवीत. एकनाथरावांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"पोरी, तुला एक ठाऊक नाही. पहिल्या दिवशी भेटलीस ना, तेव्हा मी हे सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं. गुरुवारी मी येणार नव्हतो."

"ठाऊक होतं काका."

"आं?"

"किशोरदादा त्या दिवशी बाहेर बाकावर रडत बसले होते. मी आत येताना विचारलं, तेव्हा सांगितलं त्यांनी. मला कुठलाही कॉल नव्हता. दुसरं काही सुचलंच नाही मला, म्हणून थांबवला पिक्चर."

इंदुताईंनी पदर डोळ्यांना लावला. एकनाथरावांनी फोन जवळ घेतला. "देव तुझं भलं करो," ते म्हणाले. "लई मोठे उपकार केलेस बाई. माझ्यावर, हिच्यावर, किशोरवर."

"आणि तुम्ही माझ्यावर," अश्विनी म्हणाली.

दाराची बेल वाजली. उषाला उठायचे कष्ट नकोत म्हणून फोन हातात तसाच घेऊन एकनाथरावांनी दार उघडलं. समोर हॅलोवीनचं चॉकलेट मागायला आलेली इमारतीतली पोरं, कुणी कवटीचा मुखवटा, कुणी सुळे लावलेले, आणि सगळ्यांनी मिळून एकच किंकाळी फोडली. एवढे पिक्चर पचवलेला माणूस "अगो बया!" म्हणून दोन पावलं मागे सरला. पोरं खूश झाली. इंदुताई चॉकलेट कुठं आहेत म्हणून उषाला विचारत डबे उघडू लागल्या. फोनमधून अश्विनी पोटाशी हात धरून विनवत होती, "काका, नका ना हसवू, टाके दुखतात!"