सदतीस हजारांवरचा पहारेकरी

दाराला कडी लावून घ्यायची आणि चोर जिना चढू लागला की स्वतःच उठून ती काढायची, असा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. त्याच्याच मोबाइलमध्ये मी सतरा दिवस राहिलो.

मी एक स्टॉप-लॉस बोलतोय. शेअर घेतला की माणूस मला सांगून ठेवतो, "भाव इथवर उतरला, तर मला न विचारता विकून टाक." मला भीती नाही, पोट नाही, आशा तर मुळीच नाही. म्हणूनच मी कामाचा.

माझा जन्म दक्षिण कोरियातल्या छोंगजू शहराच्या बाजारात झाला, किमची म्हणजे तिखट आंबवलेला कोबी-मुळा आणि भाज्या विकणाऱ्या एका छोट्या दुकानामागच्या खोलीत. दुकान ओक-हीचं. तिचा नवरा मा देओक-सू तीस वर्षं बस चालवून नुकताच निवृत्त झालेला. तिकडे दरमहा भाड्याऐवजी घरमालकाकडे एकरकमी मोठी ठेव ठेवतात आणि घर सोडताना ती परत घेतात. दोघांनी जुनं घर सोडलं, तेव्हा ती सगळी ठेव परत मिळाली. आयुष्याची पुंजी तेवढीच. नव्या घराचा विसार देऊन झाला होता. उरलेली ठेव सत्तावीस तारखेला भरायची आणि किल्ली घ्यायची. मधले पाच आठवडे दुकानामागे काढायचे.

देओक-सूला बँकेतला तो आकडा स्वस्थ बसू देईना.

"पाच आठवडे पैसे नुसते झोपून राहणार?"

"झोपू देत की," ओक-ही मुळा चिरत म्हणाली. "निवृत्त झाल्यापासून तुम्ही दुसरं काय करता?"

पण तो रोज मागे लागला. गुडघेदुखीवर औषध शोधणारी एक कंपनी होती, तिचा शेअर म्हणे उडणार होता. शेवटी ओक-हीने अर्ध्या पैशांना होकार दिला, एका अटीवर. शेअर एक्केचाळीस हजार वॉनला घेतला. मग तिने बोटाचं तिखट कमरेच्या एप्रनला पुसलं आणि सदतीस हजारांचा आकडा स्वतः दाबला.

"बोरामचे बाबा, हा आपला पहारेकरी. याला हात लावायचा नाही."

"नाही लावत गं. मी काय लहान आहे?"

पहिले चार दिवस आकडे लाल होते. तिथे लाल म्हणजे चढ, निळा म्हणजे उतार. लाल दिवसांत देओक-सू स्वतःला मोठा हुशार समजे. कागदी पेल्यातली कॉफी पीत बाजारातल्या प्रत्येकाला गुडघ्यांविषयी व्याख्यान देई. माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे.

मग आकडे निळे झाले. एका बुधवारी साडेदहाला भाव सदतीस हजार चारशेवर आला. मी तयार होतो. तोटा झाला असता, पण बोटाला चटका बसावा तेवढाच. लेक बोरामकडून थोडे उसने घेऊन घर मिळालंच असतं. तेवढ्यात त्याचं जाडजूड बोट माझ्यावर आलं आणि त्याने मला पस्तीस हजारांवर नेऊन उभं केलं.

"जरा दम धर," तो मला म्हणाला. मला! ज्याला उतावळेपणाही येत नाही आणि धीरही येत नाही, त्याला!

दुपारी तो बोंग-चोलकडे गेला. हा त्याचा डेपोतला थोरला सोबती, बाजारात स्वतःचे हात दोनदा भाजून घेतलेला आणि म्हणूनच सल्ला द्यायला सदैव तयार.

"दादा, पडतोय हो."

"अरे वेड्या, पडत नाही, पाडतात! बडे लोक आपल्यासारख्या मुंग्यांना झटकून टाकतात आणि मग स्वस्तात उचलतात. तुझा तो स्टॉप-लॉस त्यांना दिसतो बरं का. बरोबर तिथवर आणून तुला हाकलतील."

"मग काय करू?"

"पाणी घाल."

पाणी घालणं म्हणजे पडत्या भावात आणखी शेअर घ्यायचे, की सरासरी किंमत पातळ होते. पातळ होते ती किंमत. बुडणाऱ्याच्या नाकातोंडात जातं ते पाणी वेगळं. देओक-सूने उरलेले अर्धे पैसेही ओतले. ओक-हीला विचारलं नाही. ज्या बड्या लोकांना छोंगजू कुठे आहे हेही ठाऊक नसेल, ते सगळी कामं सोडून या एका बसचालकाला झटकायला बसलेत, यावर त्याचा ठाम विश्वास बसला. माणसाला आपली चूक कबूल करण्यापेक्षा आपल्याविरुद्धचा कट फार आवडतो.

भाव पस्तीसपाशी आला तेव्हा त्याने मला सरकवलंसुद्धा नाही. 'रद्द करायचे का?' मोबाइलने विचारलं. त्याने 'हो' दाबलं. मोबाइलने पुन्हा विचारलं. निर्जीव यंत्राला शंका आली, त्याला नाही आली.

त्या संध्याकाळी जेवताना ओक-हीने विचारलं, "पहारेकरी आहे ना जागेवर?"

"आहे," तो म्हणाला आणि पालकाची भाजी पुढे ओढली.

असा मी मेल्यावरही आठवडाभर त्या घरात पहारा देत होतो.

तेवीस तारखेला बाजार बंद झाल्यावर चारच्या सुमारास बातमी आली. औषधाची चाचणी फसली होती. दुकानात टोफू घ्यायला आलेल्या बाईने ती मोबाइलवर मोठ्याने वाचली. ओक-हीने तिला सुटे पैसे दिले, हात धुतले आणि ती मागच्या खोलीत आली.

"दाखवा."

त्याने मोबाइल पुढे केला. रद्द झालेल्या आदेशांच्या यादीत मी होतो, एक फिकट ओळ.

"हा करडा का झाला?"

"अगं, ते बडे लोक..."

"बड्या लोकांचं बोट होतं का यावर?"

तिने यादी खाली सरकवली, दुसरी खरेदी पाहिली आणि खाली बसली. मी त्याच्यावर मनसोक्त हसणार होतो. पण तिचं तिखटाने लाल झालेलं बोट माझ्यावर टेकलं आणि माझं हसू तिथेच राहिलं.

आता मी त्या यादीतच पडून आहे. मला कुणी पुन्हा उठवू शकत नाही. तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल, तर एवढंच करा: तुम्ही शहाणे असताना त्याला जिथे उभं केलंत, तिथेच राहू द्या. घाबरल्यावर त्याच्याशी बोलायला जाऊ नका.

त्या बातमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाजार उघडला तोच शेअर थेट तीस टक्के खाली, नियमाने एका दिवसात जेवढा पडू शकतो तेवढा; विकणाऱ्यांची रांग लागली होती आणि घेणारा एकही नव्हता. सव्वानऊला ओक-हीने नव्या घराच्या मालकिणीला फोन करून सांगितलं, की विसार ठेवून घ्या, आम्ही सत्तावीसला येत नाही.