दाराच्या जागी भिंत

त्या साली शेतात काहीच उगवलं नाही, म्हणून मी घरात पिकवायचं ठरवलं. सगळा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता. मीही गेले. हाताला फोड आले त्याचं काही वाटलं नाही, पण तो रस्ता कुठं जाणार हे मुकादमालाही ठाऊक नव्हतं, त्याचा मला संताप आला. एवढे कष्ट उपसायचे तर त्यातून खाण्याजोगं काहीतरी निघावं की नाही? माझा मामेभाऊ पुण्याच्या शेतकी कॉलेजात कामाला होता. त्यानं मला अळंबी लावायला शिकवलं होतं. हिला जमीन नको, ऊन नको, पाणी तर नुसतं शिंपडण्यापुरतं. दुष्काळासाठीच काढलेलं पीक म्हणा ना.

शिंगणापुरात मात्र अळंबीला कुत्र्याची छत्री म्हणत. माझे सासरे कारभारीमामा ऐकूनच भडकले.

"उकिरड्यावरचं घरात लावती व्हय गं? लोक तोंडात शेन घालतील माज्या."

"घालू द्या. दुसरं काय हाय त्यांच्याकडं घालायला?" मी म्हटलं.

शेळ्या विकल्यामुळे त्या बांधायची खोली रिकामी होती. शेवटी मामा म्हणाले, "पाडव्यापतूर घे ती खोली. तवर उगवलं न्हाई तर पाटी उचलायची आन् खडीवर जायचं. पुन्हा ह्या येडेपनाचं नाव काढायचं न्हाई." मी बरं म्हटलं. म्हणताना मान खाली घातली नाही, तेही त्यांना खटकलं.

थंडी होती तोवर सगळं झकास चाललं. गव्हाचं काड कुजवून खोक्यांत भरलं, त्यात पुण्याहून आणलेलं बी मिसळलं, आणि बघता बघता सगळ्या खोक्यांत पांढरे तंतू पसरले. आता फक्त डोकी वर यायची राहिली होती, आणि त्यासाठी गारवा लागतो. नेमका तेव्हाच गारवा पळाला. शिमग्याच्या आधीच ऊन असं तापलं की गोणपाटं भिजवून टांगावीत तर अर्ध्या तासात वाळून खडखडीत. कडेच्या खोक्यांतले तंतू पिवळे पडू लागले. मला रडू यायचं, पण मामांसमोर रडायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

माझा नवरा छगन घोडेगावात मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होता. माणूस बोलायला कमी, पण माझ्या बाजूचा. कुठल्याशा गेस्टहाउसातून भंगारात आलेलं एक एअरकंडिशन त्यानं दुकानातच खटपट करून चालू केलं आणि बैलगाडीत घालून घरी आणलं. चांगलं ट्रंकेएवढं धूड होतं. घरामागची विहीर आटल्यामुळे पाण्याची मोटर बंदच होती. तिची वीज आम्ही या यंत्राला दिली.

आणि तिथंच आम्ही चुकलो. आमच्या गावात घरांना दारं नसतात. शनिदेव राखण करतो म्हणून दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. दारच नसलं की आतली हवा वेगळी आणि बाहेरची वेगळी हे कधी मनातच येत नाही. त्यामुळे आम्ही दोघांनी ते यंत्र पंखा ठेवावा तसं खोलीच्या मधोमध बाजेवर ठेवलं, यायच्या वाटेवर ओलं गोणपाट टांगलं आणि बटण दाबून खुशीत बाहेर येऊन बसलो.

थोड्या वेळानं आत गेले तर खोली आधीपेक्षा जास्त तापलेली! यंत्राच्या पुढं उभी राहिले की तोंडावर छान गार वारा. मागं गेले तर चुलीपुढं बसल्यासारखी धग. माझं डोकंच फिरलं. पुढून देतंय आणि मागून वसूल करतंय, असला लबाड कारभार मी माणसांत पाहिला होता, यंत्रात नव्हता.

"अहो, हे गारवा बनवत न्हाई," मी छगनला हाक मारली. "हितली उष्णता उचलून मागं टाकतंय. ह्याचं ढुंगण बाहेर काढा आधी!"

छगननं भिंतीला पहार लावून पाहिली. दगडमातीची हातभर जाड भिंत, वर मातीचं धाबं. भोक पाडलं असतं तर धाबंच डोक्यावर आलं असतं. भोक म्हणजे होतं एकच, यायजायची वाट. मी तिकडे बघितलं, छगननं माझ्याकडे बघितलं.

"गाव काय म्हनंल?" तो म्हणाला.

"गावाच्या खोक्यांत काही हाय का? माझ्या खोक्यांत हाय."

आम्ही वाटेत दगडांचा ओटा रचला, त्यावर यंत्र ठेवलं, तोंड आत आणि पाठ बाहेर बोळात. उरलेली वाट विटा आणि चिखल लावून पार वरपर्यंत बुजवून टाकली. धाब्याला उजेडाचा झरोका होता, तो माणूस उतरेल एवढा मोठा केला आणि बाहेरून एक, आतून एक अशा शिड्या लावल्या. गार हवा जड असते, ती खाली बसून राहते. वरच्या झरोक्यातून ती जात नाही, आणि अळंबीला श्वास घ्यायलाही वाट राहते. हे मला त्या दिवशी शिडीवर उभं राहून कळलं. डोकं गरम आणि पाय गार!

खोली थंड झाली आणि गाव तापलं. पाडवा तोंडावर आला होता, खोक्यांत अजून काही दिसत नव्हतं, आणि अशात भावकीतले बन्सीतात्या चार माणसं आणि पहार घेऊन बोळात हजर झाले. यंत्राची गरम फुंकर थेट त्यांच्या धोतरावर येत होती.

"कारभारी, तुज्या सुनेनं घर बंद केलं. ह्या गावात आजवर कुनी केलं न्हाई. देवाचा कोप झाला तर आधीच दुस्काळ हाय, आनखी काय हुईल?"

मामांचा चेहरा पडला. मी पुढं झाले.

"तात्या, देवाला मी पन भिते. बायकांना चौथऱ्यावर चढू देत न्हाईत, तरी दर शनिवारी खालून हात जोडते. दार मी लावलंच न्हाई. ही भिंत हाय."

"दार काय, भिंत काय! कोंडून ठेवलंस ना? मंजी गावावर भरवसा न्हाई. आमी काय चोर हाय का?"

हे मात्र मला लागलं. त्यांचा राग देवापेक्षा या गोष्टीचा जास्त होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता.

"मी माल कोंडला न्हाई, गारवा कोंडलाय," मी म्हटलं. "शिडी रातंदिस लावलेली असती. कुनीबी चढा, कुनीबी उतरा, मी इचारनार पन न्हाई. पन बघितल्याबिगर पहार लावायची न्हाई. आधी वर चढा."

तात्या जागचे हलले नाहीत. "कुत्र्याच्या छत्र्या बघाया मी शिडी चढू?" म्हणाले आणि त्यांनी पहार पुढच्या माणसाच्या हातात दिली. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पाठीशी यंत्र थरथरत होतं, पण मी हलले नाही. छगन येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

तेवढ्यात मामांनी पटका काढून छगनच्या हातात दिला आणि ते शिडी चढू लागले. ते धाब्यावर गेले, झरोक्यातून आत उतरले. यंत्राच्या आवाजापुढं आतलं काही ऐकू येईना. मी मनात म्हटलं, आता हे आतूनच ओरडतील, फोडा म्हणून.

बऱ्याच वेळानं झरोक्यातून त्यांचा आवाज आला. "पुष्पे, ही मोहरीएवढी पांढरी पांढरी काय हायत गं? समद्या खोक्यात हायत."

सकाळी मी बघितलं तेव्हा काही नव्हतं, की काळजीनं माझेच डोळे धड नव्हते, कोण जाणे. "तीच हायत मामा," मी ओरडले. "डोकी धरलीत! हात लावू नका!"

"न्हाई लावत. बन्सी, ऐकतूस का? समद्या शिवारात एक हिरवी काडी न्हाई आन् हितं उगवलंय. भिंत फोडायची आसंल तर फोड, पन मी हितनं उठनार न्हाई. माज्यासकट फोड."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या माणसाच्या हातातली पहार घेऊन भिंतीला टेकवून ठेवली.

"आन् पुष्पे," आतून मामा म्हणाले, "येक घोंगडी टाक खाली. लई गार हाय हितं."