अर्धं पाऊल

आठव्या किताबासाठी डोंगऱ्याला एकच लोखंडी ओंडका डोक्याच्या वर उचलून धरायचा होता आणि समोर पंच म्हणून त्याचा सासरा बसला होता. नेमलेले पंच आजारी पडल्यावर आयोजकांनी दोघांनाही विचारलं होतं, "तुमची काही हरकत?" दोघेही "छे!" म्हणाले. हरकत घेतली तर आपण घाबरलो असं दुसऱ्याला वाटेल, ही धास्ती दोघांना सारखीच. त्या घराण्यात एकमताने झालेली एवढीच एक गोष्ट.

सासरा त्याचा वस्तादही होता. डोंगऱ्या त्याच्या व्यायामशाळेत घडला, तिथूनच त्याने म्हाताऱ्याची मुलगी नेली आणि मग रस्त्यापलीकडे, बरोब्बर समोर, स्वतःची व्यायामशाळा काढली. जाताना निम्मे शिष्य नेले. मुलीचं म्हाताऱ्याने माफ केलं असतं.

शिवाय पद्धतीचं भांडण होतंच. म्हातारा शिकवायचा, पाय जोडीने ठेवून ओंडका वर न्या. डोंगऱ्या एक पाय झटक्यात पुढे टाकून ओंडक्याखाली शिरायचा. नियमाला ते चालतं. फक्त शेवटी दोन्ही पाय एका रेषेत आणायचे, मग पंच उंचावलेला हात पाडून "खाली" म्हणतो. त्याआधी उचल ग्राह्य धरत नाहीत. डोंगऱ्या पाय अर्धाच मागे आणायचा, आणि आजवरचे पंच त्याच्या देहाकडे बघून उरलेलं अर्धं पाऊल सोडून द्यायचे.

अंतिम फेरीतला दुसरा स्पर्धक, एक बेकरीवाला, गुणांत त्याच्या बरोबरीला होता. ही उचल धरली की किताब घरी.

लोखंडी ओंडका छातीवर आला, तिथून वर गेला. कोपर सरळ, गुडघे ताठ.

"पाय," सासरा हात वर ठेवून म्हणाला.

"ठीक आहेत."

"जावईबापू, उजवा पाय मागे."

"हात पाडा, मामा. वेळ चाललीय."

"तुझी चाललीय. मी निवांत बसलोय."

डोंगऱ्याचे दंड थरथरू लागले. पहिल्या रांगेतून बायको ओरडली, "अहो, घ्या ना मागे! वीतभर तर आहे!"

"तुझ्या बापाला चष्म्यातून स्वतःची चूक कधी दिसली नाही, माझी वीत बरी दिसते!"

"बाबा, तुम्ही तरी!"

"तुझ्या वेळी एकदा सोडलं याला. पुन्हा नाही."

"अरे, घे की पाय मागे!" बेकरीवाल्याला राहवलं नाही. मग आपण कुणाला सल्ला देतोय हे लक्षात येऊन तो पाणी प्यायला गेला.

डोंगऱ्याच्या नाकातून रक्त आलं. पाय हलवणं मुळीच अवघड नव्हतं. पण हलवला, तर उद्या समोरच्या खिडकीत उभं राहून म्हातारा अख्ख्या रस्त्याला सांगणार, आला शेवटी माझ्या पद्धतीवर.

"शेवटचं सांगतो. पाय."

"तुमच्या सांगण्यावरून? मेलो तरी नाही!"

वेळ संपल्याचा भोंगा वाजला. ओंडका आदळला, खुर्च्या हादरल्या. किताब बेकरीवाल्याला गेला.

डोंगऱ्याने नाक पुसलं. सासऱ्याच्या डोळ्यांत बघत, रिकाम्या हातांनी, त्याने उजवा पाय सावकाश मागे आणला आणि डाव्याशेजारी नीट जुळवला.

"जमतं मला," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने वाकून दोन्ही पाय नीट निरखले. मग हात पाडला.

"खाली."