डेस्मंड हार्करचा ठेका

डंकनने एकाच टोस्टला तिसऱ्यांदा लोणी लावलं, तेव्हा डेस्मंडच्या लक्षात आलं की याला काहीतरी सांगायचंय आणि ते सांगणं याच्या जिवावर आलंय.

"बोल की," तो म्हणाला. "टोस्टचा कशाला जीव घेतोस?"

डंकनने सुरी खाली ठेवली. शेताच्या मालकीण मिसेस प्रॉबर्ट यांच्या स्वयंपाकघरात त्या वेळी दोघंच होते. बाई अंगणात कोंबड्यांवर ओरडत होत्या. बँडमधले बाकीचे दोघे अजून अंथरुणात होते.

"लेनर्डचं म्हणणं आहे," डंकन टोस्टकडे बघत म्हणाला, "तीन गाण्यांना दुसरा ड्रमवाला घ्यावा. लंडनचा. निकोलस फेन म्हणून कुणी आहे."

डेस्मंडने चहाचा घोट घेतला. चहा निवला होता.

"कुठली तीन?"

"दोन जलद आहेत ती. आणि..."

"'बंदर सोडताना'?"

डंकनने नुसती मान हलवली.

"आणि तुझं काय म्हणणं आहे?"

"मी काय म्हणणार, डेस? हा शेवटचा डाव आहे. कंपनीने सांगितलंय, हाही अल्बम पडला तर घरी जा."

ते खरंच होतं. 'सॉल्टमार्श' हे नाव घेऊन ही चार पोरं ग्रिम्झबीच्या मासळी बंदरातून निघाली, त्याला आता बारा वर्षं होत आली होती. पोरांची पोक्त माणसं झाली. दोन अल्बम निघाले आणि दगडासारखे बुडाले. गावोगावचे क्लब, पबच्या मागची दालनं, समुद्रकाठचे ओसाड हॉल, सगळं करून झालं. आणि आता वेल्सच्या सीमेवरच्या या शेतावर, गोठ्याचा स्टुडिओ केला होता तिथे, लेनर्ड वेझी नावाच्या नामांकित निर्मात्याच्या हाताखाली तिसरा अल्बम चालला होता. राहायचं तिथेच, जेवायचं तिथेच. मधुर चाली, मोठे कोरस, ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदा सोबत म्हणता यावेत असे. वेझीला त्यात काहीतरी दिसलं होतं.

डेस्मंडच्या ठेक्यात मात्र त्याला खोट दिसली. डेस्मंड चुकायचा नाही. फक्त जरा उशिरा यायचा. एखादा पाहुणा नाही का, येणार हे नक्की, पण बाकीच्यांनी चमचे उचलल्यावर येणार, तसा. पबमध्ये हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. टेपवर आलं. वेझीने दोन दिवस त्याच्या कानात तालयंत्राची टिकटिक सोडून बघितली. तेव्हा तो अगदी वेळेवर वाजवायचा, पण नवे बूट घालून चालणाऱ्या माणसासारखा.

"बरं," डेस्मंड म्हणाला. उठून त्याने आपली बशी धुतली, डंकनचीही धुतली, आणि शेताच्या वाटेने लांबवर चालत गेला.

दुपारी त्याने जिन्याखालच्या फोनवरून घरी फोन केला. त्याची बायको जॅनिस शाळेच्या खानावळीतून नुकतीच परतली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा पारा चढला.

"ये निघून. आत्ताच्या आत्ता. तू काय त्यांचे बटाटे सोलत बसणारेस तिथे?"

"व्हॅन माझ्याकडे आहे, जॅन. मी आलो तर हे तिघं परत कसे येणार?"

"चालत येऊ देत! पाय दिलेत ना देवाने?"

डेस्मंडला हसू आलं. तिकडे तिने किटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"फार लागलं का रे?" तिने हळूच विचारलं.

"लागलं," तो म्हणाला. "पण डंकनचं ते गाणं व्हायला हवं गं. ते माझ्यामुळे अडायला नको."

'बंदर सोडताना' हे गाणं डंकनने आपल्या बापावर रचलं होतं. आइसलँडच्या बाजूला मासे धरायला गेलेली त्याची बोट परत आली नाही, तेव्हा डंकन नऊ वर्षांचा होता. डेस्मंड त्याच गल्लीतला, त्याच बाकावरचा. बोट येत नाही हे सगळ्या गल्लीला कळलं, तरी डंकन रोज धक्क्यावर जायचा. डेस्मंड सोबत जायचा. काही बोलायचा नाही, नुसता जायचा. पुढे डेस्मंड बर्फाच्या कारखान्यात लागला, डंकन गिटार घेऊन बसला, आणि एके दिवशी डंकन म्हणाला, आपल्याला ड्रम वाजवणारा हवाय. डेस्मंड म्हणाला, बरं. त्याच्या आयुष्यातले बहुतेक मोठे निर्णय या एका शब्दात झाले होते. लग्नसुद्धा.

फेन आला तो चकचकीत बूट घालून, आणि शेतावरच्या चिखलात पहिल्याच पावलाला फसला. डेस्मंडला वाटलं होतं कुणी ताठ मानेचा माणूस येईल. हा तर सडपातळ, बुजरा, कुणाच्या घरी चुकून शिरल्यासारखा. डेस्मंडने त्याच्या गाडीतले ड्रम उचलायला हात लावला तर तो आणखीच ओशाळला.

"राहू द्या हो. तुम्ही नका."

"अहो, माझी सवयच आहे. हे तिघं आपलं काही उचलत नाहीत."

फेनने दोन दिवसांत तिन्ही गाणी वाजवून दिली. डेस्मंड काचेमागे वेझीच्या शेजारी बसून ऐकत होता. आधी तो खोट शोधत होता. मग ते राहूनच गेलं, कारण ते फारच सुरेख होतं. काठी पडायची ती नेमकी पडायची, आणि तरी त्यात रुक्षपणा नव्हता. फेन बाहेर आल्यावर डेस्मंड म्हणाला, "उत्तम वाजवलंत. तोंडावर गोड बोलत नाही मी."

"तुम्ही इथे बसलेले दिसलात," फेन म्हणाला, "आणि दोनदा काठी निसटता निसटता राहिली माझी."

"ते काही ऐकू आलं नाही बुवा."

संध्याकाळी फेनने त्याला उजव्या मनगटाची एक युक्ती दाखवली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन लाकडी चमचे घेऊन दोघं बसले, तोवर मिसेस प्रॉबर्ट आल्या आणि म्हणाल्या, "माझं टेबल आहे ते. सासूबाईंनी दिलंय." मग दोघांनी खरंच बटाटे सोलले.

अडलं ते पुढे. जलद गाण्यांवर डंकन सुसाट गायला. पण 'बंदर सोडताना' काही केल्या होईना. सूर बरोबर, शब्द बरोबर, आणि गाणं मेल्यासारखं पडलेलं. वेझीने दिवा मंद करून बघितला, सगळ्यांना बाहेर काढून बघितलं, डंकनला एक दिवस सुट्टी देऊन बघितली. तिसऱ्या दिवशी सकाळी डंकन स्वयंपाकघरात आला आणि खुर्ची ओढून धप्पकन बसला.

"नाही होत. सोडून देऊ या ते गाणं."

"काय होतंय नेमकं?" डेस्मंडने विचारलं.

"सांगता येत नाही. मी ओळ उचलायला जातो, तर फेन तिथे आधीच पोचलेला असतो. चूक त्याची नाही. तोच बरोबर आहे. पण बारा वर्षं मी जिथे श्वास घेतला ती जागाच सापडत नाहीये. तू येईपर्यंत वेळ असायचा रे माझ्याकडे."

ही गोष्ट डेस्मंडलाही नवीन होती. आपण उशिरा येतो एवढंच त्याला कळलं होतं. त्या उशिरात कुणीतरी राहतंय हे माहीत नव्हतं.

"चल," तो म्हणाला.

"कुठे?"

"आत. मी समोर उभा राहतो. टेपवरच्या फेनकडे लक्ष देऊ नकोस. माझ्या हाताकडे बघ."

वेझी काचेमागून कुरकुरला. "डेस्मंड, माइकला आवाज जाईल. तुझे बूट वाजतात."

"काढतो."

त्याने बूट काढले. घड्याळ काढलं. जॅनिसने विणलेला जाड स्वेटर होता, त्याच्यावर छातीशी तळहात ठेवला. तोंडाशी माइक आणि पलीकडे पायमोज्यांवर उभा असलेला डेस्मंड बघून डंकनला हसू फुटलं. पहिला प्रयत्न त्या हसण्यातच गेला.

"झालं हसून?" डेस्मंड म्हणाला. "माझे पाय गारठलेत. आटप."

टेप सुरू झाली. दोघांच्या कानात फेनचा ठेका वाजत होता, स्वच्छ, वेळेवर. आणि डेस्मंडचा तळहात स्वेटरवर पडत होता तो त्याच्या केसभर मागे, जसा नेहमी पडायचा. डंकनने एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि त्या हातावर नजर लावली. पहिल्या ओळीत काही घडलं नाही. दुसऱ्या ओळीला तो थांबला, म्हणजे गाणं पुढे गेलं आणि तो किंचित मागे राहिला, धक्क्यावरून लगेच पाय न निघणाऱ्या माणसासारखा, आणि मग ओळ आली. कोरसला त्याचा आवाज एका ठिकाणी चिरकला. पुन्हा घ्यावं म्हणून त्याने काचेकडे बघितलं नाही. डेस्मंडचा हात तसाच पडत राहिला.

गाणं संपलं. काचेपलीकडे टेप तशीच फिरत राहिली.

"लेनर्ड?" डंकनने विचारलं. "परत घ्यायचं का?"

"नको," वेझीचा आवाज आला. "आता कुणी हात लावू नका त्याला."

अल्बमचं काम आटोपलं तेव्हा वेष्टनावर छापायची नावं ठरवायला सगळे बसले. तीन गाण्यांपुढे ड्रमसाठी फेनचं नाव लागणार होतं. डंकन इरेला पेटला. "'बंदर'वर डेसचं नाव हवं. नाहीतर माझंही नको."

"काय लिहू?" वेझीने खरंच विचारलं. "तू सांग डेस्मंड, मी लिहितो."

डेस्मंडने विचार केला. "माणूस समोर उभा होता, असं काय छापणार? राहू द्या. बाकीच्या सात गाण्यांवर आहे की माझं नाव."

नाव लागलं नाही. तो ते तिथेच सोडून आला, आणि व्हॅनमध्ये सगळ्यांना घालून घरी घेऊन आला.

वसंतात अल्बम बाहेर पडला. पहिले काही आठवडे नेहमीसारखेच शांत गेले. मग कुठल्या तरी रेडिओवाल्याने 'बंदर सोडताना' दुपारच्या कार्यक्रमात लावलं, लोकांनी परत मागितलं, आणि बघता बघता ते बेकरीत, टॅक्सीत, जॅनिसच्या शाळेच्या खानावळीत वाजायला लागलं. तिथल्या एका बाईने तिला विचारलं, "हा ड्रम तुझा नवराच वाजवतो ना गं?" जॅनिस म्हणाली, "यावर नाही. यावर तो उभा आहे." बाईला काही कळलं नाही. जॅनिसने समजावलंही नाही. घरी येऊन नवऱ्याला मात्र सांगितलं, आणि तो भांडी पुसता पुसता मोठ्याने हसला.

शरदात शेफील्डला कार्यक्रम होता. याच शहरात कधीकाळी त्यांनी रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवलं होतं. या वेळी हॉल खच्चून भरला होता, सज्जेसुद्धा. डेस्मंडने सगळा उन्हाळा एक गोष्ट घोटून तयार केली होती: 'बंदर' फेनच्या ठेक्यावर वाजवायचं, अगदी वेळेवर. लोकांनी घरी जे ऐकलं ते त्यांना मिळायला हवं, असा त्याचा साधा हिशेब. मनगटाची ती युक्ती आता त्याच्या हातात बसली होती.

त्याने गाणं तसंच सुरू केलं. ते छान चाललं होतं. पण कोरस आला आणि सगळा हॉल एकदम गायला लागला. तरुण पोरी, कारखान्यातले बाप्ये, सज्ज्यातल्या म्हाताऱ्या. डंकन म्हणायचा थांबला, माइक खाली धरून नुसता उभा राहिला. आणि ती हजारो माणसं जे गात होती ते फेनच्या ठेक्यावर गात नव्हती. ती डंकनसारखी गात होती. टेपवर तो जिथे थांबला होता तिथे थांबत होती, जिथे श्वास घेतला होता तिथे घेत होती. सगळा हॉल किंचित मागे होता.

डंकनने वळून बघितलं. डेस्मंडने मनगट सैल सोडलं. पुढचा ठोका आता पडायला हवा होता, पण लोकांची ओळ अजून यायची होती. त्याने काठी वर उचलली, आणि ती ओळ पोचेपर्यंत तशीच धरून ठेवली.