पाणी म्हणतात त्याला

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी पेल्यातल्या जांभळट द्रवात बाटलीतलं तीर्थ ओतलं, काडीनं ढवळलं आणि डोळे मिटले. "विस्तव नाही, चूल नाही! बघा भक्तीची ऊब!" बघता बघता पेला चटका देऊ लागला आणि द्रवाचा दगड झाला. "आणि हा वास? या लोकातला नाही हा!"

शेवटच्या रांगेतल्या वहिनीला तो चांगलाच या लोकातला वाटला. फायबरच्या टाक्यांच्या कारखान्यातून तो रोज तिच्या केसांत बसून घरी यायचा. महाराज तिचा धाकटा दीर. "वहिनी, जादूचे प्रयोग करीन म्हणतो," असं तो म्हणाला, तेव्हा रिकामटेकडा कशाला तरी लागला या आनंदात तिनंच त्याला सामान आणून दिलं होतं. "या जांभळट रेझिनमध्ये थोडं पाणी टाकायचं," असं तिनंच सांगितलं होतं. कारखान्यात रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरला सगळे पाणीच म्हणत. पुढे तो महाराज झाला आणि तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली.

एक आजी नातीला घेऊन पुढे घुसली. "पोरीचे डोळे आलेत हो. तीर्थाचे दोन थेंब घाला."

"घालू की, आजी!" दिरानं ड्रॉपर भरला.

वहिनी ताडकन उठली. सगळी करामत रेझिनची, बाटलीत नुसतं पाणी, असंच तो धरून चालला होता. तिनंच तसं सांगितलं होतं!

लोकांना ढकलत ती धावली आणि त्याचा हात धरला. "भावजी, डोळे जातील पोरीचे!"

"तूच म्हणालीस ना, पाणी आहे?"

"म्हणतात त्याला पाणी! पेरॉक्साइड आहे ते." ती गर्दीकडे वळली. "याचे रेणू फुटतात, ते तुकडे रेझिनचे रेणू एकमेकांना जोडत सुटतात. त्यातूनच उष्णता येते. डोळ्यात गेलं तर जाळतं, उन्हात तापलं तर भडकतं. कारखान्यात दिवसभर हेच चालतं, आमच्या कुणी पाया पडत नाही!"

"आणि मंत्र?" कुणीतरी विचारलं.

"मंत्र म्हणायला आम्हाला वेळ कुठाय?"

कुणी हसलं, कुणी चपला शोधू लागलं. दीर खाली मान घालून बसला. आजीनं नातीला पोटाशी धरलं. "तुला ठाऊक होतं, तर इतके दिवस गप्प का बसलीस गं?"

वहिनीनं पोरीचा हात धरला.

"घरचा माणूस म्हणून, आजी. चला, आधी हिला डॉक्टरांकडे नेऊ." मग ती सगळ्यांना म्हणाली, "बाटलीत काय आहे, ते विचारत जा. तुम्ही विचारलं नाहीत, ही तुमची चूक. मला ठाऊक असून मी बोलले नाही, ती माझी. आणि माझीच मोठी."