मोरचुदाने खाल्लेली बादली

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी बादली आहे. माझ्या बुडाला भोक आहे आणि मनात राग. तो राग माझ्या मालकावर, हिवरखेडच्या खुशालरावांवर आहे.

अचलपूरच्या लोहाराने मला घडवले. खुशालरावांनी संत्र्याची बाग लावली, पण जगवली ती त्यांच्या बायकोने, गोदाबाईने. तीन उन्हाळे तिने माझ्यातून झाडाझाडाला पाणी घातले. तेव्हा माझे फार कौतुक व्हायचे.

मग खोडांतून डिंक गळू लागला. सरकारी रोपवाटिकेतल्या शेषरावांनी औषध सांगितले. मोरचूद, म्हणजे तांब्याचे निळे खडे, पाण्यात विरघळवायचा, चुना कालवायचा आणि खोडांना फासायचा. "पन मातीच्या भांड्यात करजा, लोखंडात नोको," ते म्हणाले.

"मातीचं फुटते," असे म्हणून खुशालरावांनी, शेषरावांची पाठ फिरताच, सारा मोरचूद माझ्यात ओतला. दिवसभर तो तसाच राहिला. माझे लोखंड पाण्यात उतरत गेले आणि पाण्यातले तांबे त्याच्या जागी माझ्या अंगावर बसत गेले. मी झिजत होते, पण बादलीला कोण विचारतो? संध्याकाळपर्यंत निळेशार पाणी फिके हिरवे झाले आणि मी आतून लाल.

"पानी कावून बदललं?" गोदाबाईने विचारले.

"तुले काय समजते?" खुशालराव म्हणाले आणि त्या पाण्यात चुना कालवून त्यांनी खोडे माखली.

डिंक गळतच राहिला आणि झाडे वाळली. तेव्हा खुशालरावांनी चारचौघांत गोदाबाईकडे बोट दाखवून सांगितले, "हे विटाळात बागेत गेली, म्हनून झाडं मेले." गोदाबाईला बाग बंद झाली. मला वाचा असती तर मी तिथेच त्यांना खोटे पाडले असते.

पुढच्या खेपेला शेषराव आले, तेव्हा खुशालरावांनी त्यांनाही विटाळाचेच कारण सांगितले. गोदाबाईने मला आणून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चाकूने माझे बूड खरवडले. तांब्याचा लाल चुरा निघाला आणि चाकू आरपार गेला.

"तुमचं औषध या बादलीनं खाल्लं, खुशालराव. बाईवर कायले ढकलता?"

खुशालराव गोदाबाईला म्हणाले, "उद्यापासून ये बागेत. नवे कलमं लावू."

"नोको," ती म्हणाली. "विटाळ होईन कलमाइले."

मित्रांनो, औषध कालवण्याआधी भांडे बघा, आणि माणसाला दोष देण्याआधी त्या भांड्यात डोकावून बघा. मी आता कुंपणाला लटकलेली असते. नव्या कलमांना खुशालराव एकटेच पाणी घालतात, आणि माझ्याजवळून जाताना मान वळवतात.