महांतप्पांची सकाळची गोळी

नवशिक्याला मी पहिल्याच दिवशी बजावतो: डेटाबेसमधलं काही बदलायचं असेल, तर आधी तीच अट घालून ओळी बघायच्या, मग बदलायच्या. सगळे माना डोलावतात आणि कुणी ऐकत नाही.

शिवप्रियानंही ऐकलं नाही. पोरगी बेंबळीची, धाराशिवला खोली घेऊन राहते, माझ्या ऑफिसात काम शिकते. मधुमेहाच्या एका दवाखान्याचं काम आमच्याकडे आहे. पेशंटांची नावं डेटाबेसच्या एका तक्त्यात, आणि रोज सकाळी आमची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, त्यातल्या प्रत्येक हयात माणसाला फोन लावते. नाव घेऊन विचारते, गोळी घेतली का. घेतली असेल तर एक दाबा. येडशीचे एक आजोबा वारले, त्यांच्यापुढं 'मयत' लिहायचं होतं. हिनं 'मयत' लिहिलं आणि कुणापुढं, ती अटच घालायची विसरली. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळे पेशंट मयत झाले.

मी तोंडाला येईल ते बोललो. मग बॅकअप चढवला, तर तो निघाला गेल्या दिवाळीचा. रोज बॅकअप घेणारी स्क्रिप्ट केव्हाच बंद पडली होती आणि ते बघायची अक्कल मलाही नव्हती. पेशंट जिवंत झाले खरे. पण दिवाळीनंतर जे खरोखर गेले होते, तेही परत आले. त्यांना एकेक करून पुन्हा मयत कर, असं मी शिवप्रियाला सांगितलं.

आठवड्याभरानं दुपारी मी पेशंटांची उत्तरं चाळत होतो. महांतप्पा, बेंबळी: घेतली. आदल्या दिवशी, घेतली. त्याच्या आदल्या दिवशीही घेतली. मी नाव पुन्हा वाचलं. महांतप्पा म्हणजे शिवप्रियाचे वडील. त्यांच्या मातीला मी स्वतः गेलो होतो, त्यांच्यावर मूठभर माती टाकली होती. आणि तो माणूस रोज सकाळी गोळी घेत होता.

"यांना मयत केलं नाहीस?" मी विचारलं.

"बाकीच्यांना केलं, सर. अप्पांच्या नावावर आले आणि हातच चालंना. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांचं उत्तर आलेलं." तिचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला. "रोज येऊन आधी तेच बघते मी."

मला राग यायला हवा होता. आली ती भीती. "त्यांचा फोन कुठं असतो?"

"घरी. अव्वाजवळ. अव्वा एकटीच..." बोलता बोलता ती थांबली आणि तिनं घाईघाईनं घरी फोन लावला, स्पीकरवर.

तिच्या आईची, इरम्माबाईंची, जीभ जड झाली होती. "तेंच्या नावानं रोज हाक येतीया," त्या म्हणाल्या. "तेंच्या गोळ्या हायेत डब्यात. कुणीतरी घ्यायला पायजे की, बाई. म्या घेते आन् एक दाबते. आज लई घाम सुटलाय बघ. डोळ्यापुढं अंधारी येतीया."

साखर उतरवायची गोळी, आणि बाईला साखरेचा आजारच नाही. बेंबळीत त्यांच्या शेजारी राहणाऱ्या बब्रुवानला फोन करून साखरपाणी पाजायला लावलं. त्यानंच जीप काढून त्यांना धाराशिवला आणलं. आणखी उशीर झाला असता तर बाई हातची गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी शिवप्रिया आईजवळून उठून ऑफिसात आली. सरक, मी करतो, असं मी म्हणालो.

"नको, सर."

तिनं अट घालून आधी ओळ बघितली. एकच ओळ आली: महांतप्पा, बेंबळी, हयात. ती बघतच राहिली, आणि मला तिच्याकडं बघवेना. मग तिनं ती ओळ बदलली.

सकाळी मी डबा घेऊन दवाखान्यात गेलो. इरम्माबाई नवऱ्याचा फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आज तेंनी हाक मारली न्हाय," त्या म्हणाल्या. "रुसले का गं?"

शिवप्रियानं त्यांचा हात हातात घेतला.

"न्हाय, अव्वा. अप्पा गेले. म्याच लिव्हलं काल."